बास्क किनारा: आधी मासा ठरवा, मग गाव, मग घर

प्रश्न असा आहे: चौघांचं कुटुंब, त्यात एक जण शाकाहारी. स्पेनमधल्या बास्क किनाऱ्यावर सात-आठ दिवस काढायचे आहेत. मासेमारांचं जगणं जवळून बघायचं, जमलं तर एखाद्या घरी राहायचं आणि तिथली मासळी रांधायला शिकायची. कधी जावं, कुठे जावं, आणि परत आल्यावर आपल्या स्वयंपाकघरात त्यातलं काय जमेल?

सुरुवात तारखांपासून करू. बहुतेक जण स्वस्त तिकीट बघून महिना धरतात, मग गाव शोधतात, आणि पोचल्यावर कळतं की ज्या माशासाठी आलो त्याचा हंगाम सरून महिना झाला. या किनाऱ्यावर बंदर आणि चूल दोन्ही हंगामावर चालतात. स्पॅनिशमध्ये त्या हंगामाला ‘कोस्तेरा’ म्हणतात. फेब्रुवारी ते एप्रिल बेर्देल, म्हणजे आपल्या बांगड्याचा थंड पाण्यातला मोठा भाऊ. मार्च ते जून आन्चोआ, म्हणजे अँकोव्ही हा बोटभर मासा, त्यातही भर एप्रिल-मेमध्ये. जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत एगालुसे, ज्याला स्पॅनिशमध्ये ‘बोनितो देल नोर्ते’ म्हणतात. आपल्या कुप्याच्याच कुळातला, पण मांस फिकट आणि चव सौम्य. त्याच उन्हाळ्यात किनाऱ्यालगत चिपिरोई, म्हणजे लहान माकुल. थंडीत, विशेषतः नाताळाला, बिसिगू, म्हणजे सी ब्रीम. लेगात्स, म्हणजे हेक हा मासा, मात्र वर्षभर मिळतो.

माझ्या मते दोनच काळ खरोखर उपयोगाचे. एक, एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. आन्चोआ भरात असते, गर्दी नसते, आणि बेर्मेओ गावात मे महिन्यात ‘आराइन आसोका’ ही मासळीची जत्रा भरते. दुसरा, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. एगालुसे असतो, आणि सप्टेंबरच्या पहिल्या दोन रविवारी सान सेबास्तियानच्या खाडीत त्रैनेरा होड्यांच्या शर्यती असतात. या शर्यती 1879 पासून चालत आल्या आहेत. होडीत तेरा वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला. मूळचा खेळ असा काहीच नव्हता. ही सार्डिन-आन्चोआ पकडायची होडी होती, आणि जी आधी धक्क्याला लागेल तिच्या मालाला भाव जास्त, म्हणून सगळे जीव तोडून वल्हवायचे. ऑगस्टचा पहिला पंधरवडा टाळा. भाडी चढलेली असतात आणि ज्यांच्या घरी राहायचं ते स्वतःच सुट्टीवर गेलेले असतात.

आता गाव. बिल्बाओ किंवा सान सेबास्तियानमध्ये मुक्काम करून ‘दिवसभर बंदर बघून येऊ’ हा बेत फसतो, कारण बंदराचं काम पहाटे आणि संध्याकाळी चालतं आणि पर्यटक दुपारी पोचतो. आन्चोआ आणि एगालुसे दोन्हीसाठी बेर्मेओ पहिलं. बिल्बाओहून एउस्कोत्रेनची गाडी गेर्निकामार्गे थेट तिथे जाते, जुन्या बंदरावरच्या एर्सिया मनोऱ्यात मासेमारांचं संग्रहालय आहे, आणि गाव अजून पर्यटनावर जगत नाही. ओन्दारोआ कामाचं बंदर आहे, देखणं कमी आणि खरं जास्त. गेतारिया खाण्यासाठी उत्तम. बंदराच्या चढावर उघड्यावर निखाऱ्यांच्या शेगड्या असतात आणि मागच्या डोंगरउतारावर चाकोली या आंबटसर पांढऱ्या वाइनचे मळे. तिथे रेल्वे नाही. सारौत्स किंवा सुमाइयाला उतरून बस घ्यावी लागते. लेकेइतियो सुंदर आहे, लहान मुलांना घेऊन राहायला सोपं आहे, ओहोटीला समोरच्या बेटावर चालत जाता येतं. फक्त भरतीची वेळ विचारून जा. बिस्केच्या या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक मोठ्या भरतीला चार मीटरच्या वर जातो. पलीकडे फ्रान्समधलं सेंट-जाँ-द-लुझ हेही बास्क बंदरच, पण सात दिवसांत दोन देश करू नका.

मुक्कामाचे वार महत्त्वाचे. जाळ्याच्या बोटी साधारण रविवारी रात्री निघतात आणि शुक्रवारी विसावतात. म्हणून बंदराच्या गावात सोमवार ते शुक्रवार राहा आणि शनिवार-रविवार शहराला द्या. लोक नेमकं उलट करतात. सोमवारी दुपारी हॉटेलात ताजी मासळी मागू नका. रविवारी लिलाव झालेला नसतो, त्यामुळे समोर येते ती शुक्रवारची.

बोटीवर जाण्याबद्दल स्पष्ट सांगतो: मोठ्या कामाच्या बोटीचा नाद सोडा. एगालुसेच्या बोटी कित्येक दिवस बाहेर असतात. आन्चोआच्या बोटी रात्रभर यंत्रावर मासा शोधतात, सापडला की थव्याभोवती जाळ्याचं कडं टाकतात आणि खालचा दोर आवळून पिशवी बंद करतात. हे आपल्याकडच्या पर्ससीनचंच तंत्र. सिंधुदुर्गात पर्ससीन म्हटलं की पारंपरिक मच्छीमार चिडतो. बास्क किनाऱ्यावर मात्र हीच बोट घरची, आणि राग आहे तो तळ खरवडणाऱ्या आणि पाण्याच्या मधल्या थरात जाळी ओढणाऱ्या ट्रॉलरांवर. दोर ताणलेला असताना डेकवर पाहुण्याला उभं राहायला जागा नसते, हे एकदा व्हिडिओ बघितला तरी पटेल.

स्पेनमध्ये मासेमारी बोटीवर पर्यटक नेण्यासाठी 2019 पासून वेगळा शासकीय नियम आहे. परवाना, विमा आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट हवं. धक्क्यावर कोणी ‘रोख द्या, नेतो’ म्हणालं तर नाही म्हणा. अपघात झाला तर विमा काहीच देणार नाही आणि तांडेलाचा परवाना जाईल. गावच्या पर्यटन कार्यालयात विचारलं की कोणाकडे परवाना आहे ते कळतं. उन्हाळ्यात सर्वांत चांगला पर्याय संध्याकाळी चिपिरोई पकडायला नेणाऱ्या छोट्या होडीचा. सूर्य मावळताना किनाऱ्याजवळ इंजिन बंद करून होडी वाहू देतात आणि खाली काट्यांचा झुबका असलेला गळ सोडतात. तो तळाला टेकवून हळूहळू वर-खाली करायचा. माकुल ओढत नाही, नुसतं जड लागतं. त्या क्षणी हिसका दिला तर मऊ मांस फाटून सुटतं. एकाच वेगानं ओढत आणायचं. वर आल्यावर तोंड होडीबाहेर, कारण शाई उडते आणि कपड्यावरची शाई निघत नाही. स्वतः गळ धरायचा असेल तर हौशी मासेमारीचा परवाना लागतो, किनाऱ्यावरून टाकायचा असला तरी. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या. बिस्केच्या लांब लाटेवर थांबलेली होडी चालत्या होडीपेक्षा जास्त त्रास देते.

उन्हाळ्यात कोरडा, गरम दक्षिण वारा वाहत असेल आणि पश्चिमेकडून ढगांची काळी कड दिसली तर धक्क्याच्या टोकावरून मागे फिरा. वारा काही मिनिटांत वायव्येकडे वळतो, पारा दहा अंशांनी उतरतो, समुद्र उसळतो. याला ‘गालेर्ना’ म्हणतात. 1912 च्या ऑगस्टमधल्या अशाच एका रात्री या किनाऱ्यावरचे 143 मासेमार गेले, बहुतेक बेर्मेओचे. गावात हे वर्ष सांगावं लागत नाही.

बंदरावर काय बघायचं? लिलाव भाव चढवत नेत नाहीत, उतरवत आणतात. वरचा आकडा खाली सरकतो, आणि ज्याला परवडतं तो पहिला बटण दाबतो. घाई केली तर महाग पडतं, थांबलो तर माल दुसऱ्याचा, म्हणून सभागृह चिडीचूप असतं. आत बोली फक्त नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यांना. ही व्यवस्था ‘कोफ्रादिया’ चालवते, म्हणजे मध्ययुगापासून चालत आलेली मासेमारांची संघटना, जिच्यात मालक आणि खलाशी दोघेही असतात. पगार वाट्यानं: विक्रीतून डिझेल, बर्फ, जेवण वजा जातं, उरलेल्यातला साधारण निम्मा होडीचा आणि निम्म्याचे खलाशांत वाटे. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. धक्क्यावर जाळी पसरून बसलेल्या बायका दिसतील, त्या ‘सारेगिले’. फाटलेली जागा आधी कापून चौकोनी मोकळी करतात, मगच नवी वीण घालतात, कारण वेडीवाकडी कड तशीच ठेवून विणलं तर ताण एका गाठीवर येतो आणि जाळं पुन्हा तिथेच फाटतं. फोटो काढण्याआधी विचारा, आणि पसरलेल्या जाळ्यावर पाय ठेवू नका.

एगालुसेची बोट आत आली तर तिच्या टाक्या बघा. त्यांत जिवंत आन्चोआ, सार्डिन, लहान मासे ठेवलेले असतात. थवा दिसला की हे आमिष पाण्यात फेकतात आणि बोटीच्या कडेनं पाण्याचे फवारे सोडतात. त्यामुळे पृष्ठभाग खदखदल्यासारखा दिसतो आणि माशाला बोट आणि माणसं दिसत नाहीत. मग काठीच्या गळानं एक-एक मासा उचलायचा. दुसरी पद्धत दोन्ही बाजूंना लांब काठ्या काढून चालत्या बोटीमागे दोऱ्या ओढायची. दोन्हींत मासा चेंगरत नाही, म्हणून जाळ्यातल्या ट्युनापेक्षा भाव जास्त. डब्यावर ‘बोनितो देल नोर्ते’ लिहिलं असेल तरच तो हा मासा. ‘आतून क्लारो’ म्हणजे वेगळा, बहुधा पिवळ्या पराचा ट्युना.

आन्चोआबद्दल एक गोष्ट माहीत असावी. साठा कोसळल्यामुळे 2005 च्या उन्हाळ्यात बिस्केच्या उपसागरातली आन्चोआची मासेमारी बंद झाली आणि 2006 मधला थोडा काळ सोडला तर 2010 मध्येच पुन्हा उघडली. आज मासा मुबलक आहे आणि पकड कोट्यानं बांधलेली आहे. जेवणाच्या टेबलावर कोट्याचा विषय निघाला तर ऐकायचं. ‘मासे भरपूर दिसतात की’ असं बोलून पाहुण्यानं शहाणपण दाखवू नये.

घरचा मुक्काम. घरातल्या खोल्या भाड्यानं देणाऱ्यांची बास्क सरकारकडे नोंदणी असते; जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. व्हिसासाठी अशा घराचं आरक्षण पुरतं. ओळखीच्या कुटुंबाकडे फुकट राहणार असाल तर शेंगेन व्हिसासाठी ‘कार्ता दे इन्वितासिओन’ लागू शकतं, आणि ते यजमानाला तिथल्या राष्ट्रीय पोलिसांकडून काढावं लागतं. साध्या ईमेलवरचं आमंत्रण चालत नाही. त्याला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने आधी विषय काढा.

दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊला. अकराच्या सुमारास ‘आमाइकेताको’, म्हणजे मधलं खाणं. घरातल्या वडीलधाऱ्यांना नावानंच हाक मारायची. काका-मावशी लावायची पद्धत नाही. ‘आमामा’ (पश्चिमेकडे) किंवा ‘आमोना’ (पूर्वेकडे) म्हणजे आजी, पण ती त्यांच्या नातवंडांची. ‘एगुन ओन’ म्हणजे सुप्रभात, ‘एस्केरिक आस्को’ म्हणजे आभार, जेवण सुरू होताना ‘ओन एगिन’. या तीन शब्दांनी जितकी दारं उघडतात तितकी अस्खलित इंग्रजीनं उघडत नाहीत. कोणी ‘चोको’ला, म्हणजे जेवणमंडळाच्या स्वयंपाकघरात, बोलावलं तर जरूर जा. पैसे देऊन तिथे जागा मिळत नाही, सभासदच नेतो. काही मंडळांत अजूनही ओट्यापाशी फक्त पुरुष असतात. हे पटलं नाही तरी तो वाद पहिल्याच संध्याकाळी नको.

आणि मसाल्याची पिशवी बॅगेतच राहू द्या. हळद-तिखट लावलेला तुकडा त्यांना दाखवायचा असेल तर शेवटच्या दिवशी, विचारून. या स्वयंपाकात मासा, ऑलिव्ह तेल, लसूण आणि मिरची एवढंच असतं, त्यामुळे चूक लपवायला जागाच नाही. बहुतेक चुका एकाच असतात: आच जास्त.

मार्मिताको

‘मार्मिताको’ म्हणजे पातेल्यातलं. बोटीवरचा स्वयंपाकी जे हाताशी असेल त्यातून करायचा. चौघांसाठी 600 ते 700 ग्रॅम एगालुसे, एक किलो बटाटे, एक मोठा कांदा, एक हिरवी ढोबळी मिरची, दोन पाकळ्या लसूण, तीन चोरिसेरो मिरच्या, अर्धा पेला पांढरी वाइन, चार चमचे तेल. माशाचा काटा आणि कातडं पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळून घ्या. जास्त उकळलं तर पाणी कडवट होतं. चोरिसेरो ही वाळवलेली, गोडसर, तिखट नसलेली मिरची. गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, चिरून, आतला गर चमच्यानं खरवडायचा, साल फेकून द्यायची.

कांदा-ढोबळी मंद आचेवर पंधरा मिनिटं, रंग न येऊ देता. मग लसूण, गर, वाइन. आता बटाटा. सुरी अर्ध्यापर्यंत घालायची आणि पिळून तुकडा मोडायचा, ‘कट्’ आवाज आला पाहिजे. मोडलेल्या खडबडीत कडेतून स्टार्च सुटतो आणि रस्सा आपोआप दाट होतो. सरळ कापलेल्या बटाट्यानं रस्सा पाण्यासारखा राहतो, मग लोक पीठ घालतात आणि बिघडवतात. बटाटा दोन मिनिटं परतून, बुडेल एवढंच माशाचं पाणी घालून, हलक्या उकळीवर पंचवीस ते तीस मिनिटं. डाव घालायचा नाही, पातेलं दोन्ही हातांनी हलवायचं.

मासा तीन सेंटिमीटरचे तुकडे करून दहा मिनिटं आधी मीठ लावून ठेवलेला. बटाटा शिजला की गॅस बंद. मग मासा आत, झाकण, पाच मिनिटं. गॅस चालू असताना टाकला तर दोन मिनिटांत तुकडे भुसा होतात. या पदार्थाची ही एकमेव मोठी चूक आहे आणि उपाहारगृहंही ती करतात. वाढण्याआधी आणखी दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या.

आपल्याकडे कुपा चालतो, फक्त काळपट रक्ताचं मांस पूर्ण काढून टाका. चोरिसेरोऐवजी बिया-शिरा काढलेली बेडगी. रंग बरोबर येतो, तिखटपणा जास्त असतो, म्हणून तीनच्या जागी दोन.

पिल-पिल

यात खारवलेला कॉड लागतो, बास्क नाव बाकाइलाओ. हा मासा या उपसागरातला नाही. बास्क जहाजं सोळाव्या शतकात व्हेल आणि कॉडसाठी न्यूफाउंडलंड-लाब्रादोरकडे जात. 1565 मध्ये लाब्रादोरच्या रेड बे येथे बुडालेलं ‘सान हुआन’ हे व्हेलवालं जहाज 1978 मध्ये सापडलं आणि त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती पासाइया बंदरातल्या आल्बाओला कारखान्यात जुन्याच पद्धतीनं बांधायला घेतली गेली. एक दिवस त्यासाठी ठेवा.

जाड तुकडे फ्रिजमध्ये 36 ते 48 तास भिजवायचे, माशाच्या तिप्पट तरी पाणी, कातडं वर, दर आठ-दहा तासांनी पाणी बदलायचं. वेळेवर विसंबू नका. मधल्या भागाचा तंतू चाखून बघा. 180-200 ग्रॅमचे चार तुकडे, 300 मिली सौम्य ऑलिव्ह तेल, चार पाकळ्या लसणाचे काप, एक सुकी मिरची. लसूण-मिरची हलकी सोनेरी करून बाहेर काढा. तेल बोट चटकन घालून काढता येईल इतकं निवू द्या, मग पुसून कोरडा केलेला मासा घाला, आणि तेलाला बुडबुडे येणार नाहीत अशा आचेवर सात-आठ मिनिटं ठेवा. कातड्यातून पांढरट चिकट थेंब सुटतील. ते जिलेटिन, आणि सगळा खेळ त्याचा.

मासा काढा, तेल वेगळं ओता, पसरट भांड्यात तळाचा पांढरा रस आणि दोन चमचे तेल तेवढं ठेवा. कोमट झालं की चहाच्या गाळणीच्या पाठीनं गोल फिरवत उरलेलं तेल बारीक धारेनं घाला. तेलाचे कण जिलेटिनमध्ये अडकतात आणि पातळ कढीसारखं पांढरं सार होतं. फाटण्याची कारणं दोनच: तेल गरम, किंवा धार मोठी. फाटलं तर घाबरू नका. पूर्ण कोमट होऊ द्या, दुसऱ्या भांड्यात चमचाभर पाणी आणि माशातून सुटलेला थोडा रस घेऊन त्यात फाटलेलं थेंबथेंब घाला. सुरमईवर हा प्रयोग करून पिठूळ तेल मिळतं आणि मग लोक कृतीला दोष देतात; तिच्या कातड्यात एवढं जिलेटिन नाही.

हेच तत्त्व निखाऱ्यावरच्या माशात आहे, आणि ते मात्र आपल्याकडे सहज जमतं. अख्खा मासा खवल्यांसकट, जाळीच्या पिंजऱ्यात, मध्यम निखाऱ्यावर. किलोभराला प्रत्येक बाजूला आठ ते दहा मिनिटं. दुसरीकडे 100 मिली तेलात लसणाचे काप आणि मिरची. मासा उघडून त्यावर दोन चमचे व्हिनेगर, मग ते तेल. ताटात जमलेला रस पुन्हा कढईत ओतायचा, अर्धा मिनिट हलवायचा, पुन्हा माशावर. दोनदा करायचं, दुसऱ्यांदा रस दाट झालेला दिसतो. सातशे-आठशे ग्रॅमची तांबोशी यासाठी उत्तम. वर लिंबू पिळू नका, व्हिनेगर पुरे.

शाईतलं माकुल

एक किलो लहान चिपिरोई, तीन कांदे, एक ढोबळी, एक टोमॅटो, तळलेल्या पावाचा एक काप. शाईच्या पिशव्या न फोडता काढून वाइनमध्ये चिमूटभर मिठासह विरघळवा. पाय आणि पर बारीक चिरून, परतून, नळीत पाऊण भरा आणि दातकोरणीनं बंद करा. पूर्ण भरली तर नळी आक्रसते आणि फुटते. कांदा निदान चाळीस मिनिटं मंद. इथे घाई केली तर सार आंबट-कच्चं लागतं आणि शाईचा खारटपणा वर येतो. पाव, शाई घालून वाटून गाळून घ्या, त्यात माकुल अर्धा तास. माकुल एक तर दोन मिनिटांत खावं नाही तर अर्ध्या तासानंतर, मधे रबर. सार काळं कुळकुळीत हवं. करडं झालं म्हणजे शाई कमी पडली. बाजारात शाईच्या पुड्या मिळतात, तिथली घरंही त्या वापरतात.

आन्चोआ आणि मीठ

मेमध्ये गेलात तर खारवणं बघायला मिळेल. पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या सिसिलियन लोकांनी इथे रुजवली. त्याच दिवशी पकडलेला मासा. डोकं पिळून ओढलं की आतडं बरोबर येतं. गोड्या पाण्यात धुवायचा नाही, मिठाच्या पाण्यात. पिंपात जाड मिठाचा थर, माशांचा थर, पुन्हा मीठ, वर वजन. स्वतःचंच पाणी सुटून वर येतं, आणि ते नेहमी माशाच्या वर राहिलं पाहिजे. उघडा पडलेला थर पिवळा होऊन खवट होतो. सहा-आठ महिन्यांनी मांस तांबूस-तपकिरी होतं आणि काट्यापासून सहज सुटतं. मग एक-एक साफ करून तेलात. जागा फार गरम असेल तर मासा मुरण्याऐवजी मऊ पडतो, म्हणून मुंबईच्या स्वयंपाकघरात हे करू नका.

ताज्या आन्चोआचं व्हिनेगरमधलं रूप घरी करायचं असेल तर आधी मासा गोठवा. या समुद्रातल्या माशांत अनिसाकिस नावाचा कृमी असतो आणि व्हिनेगरनं तो मरत नाही. कच्चा किंवा मुरवलेला मासा वाढणाऱ्या हॉटेलांना तिथे उणे 20 अंशांवर चोवीस तास गोठवणं कायद्यानं बंधनकारक आहे. घरच्या फ्रिजरला पाच दिवस धरा.

सप्टेंबरमध्ये घरोघरी एगालुसेच्या बरण्या भरतात: मिठाच्या पाण्यात शिजवलेले जाड तुकडे, साफ करून, तेलात, मग बरणी बंद करून तासन्‌तास उकळतात. बघा, मदत करा, पण इथे येऊन तसं करू नका. आंबट नसलेल्या बंद अन्नात बोट्युलिझमचे बीजाणू उकळत्या पाण्यात टिकतात. त्यासाठी दाबाखाली 116 अंशांच्या वर बराच वेळ लागतो, आणि आपला डाळीचा कुकर त्या कामाचा नाही. हवं असेल तर तेलात ठेवलेला मासा फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवा.

शाकाहारी माणसासाठी: गेर्निकाच्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात तळून जाड मीठ लावलेल्या, लीक (कांद्याच्या कुळातली जाड पात) आणि बटाट्याची ‘पोरुसाल्दा’ (कॉड घातलाय का विचारा, पुष्कळदा असतो), अंडं चालत असेल तर तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. ‘भाजीचं’ म्हणून पुढे आलेल्या ताटात हॅमचे तुकडे निघतात. मांस आणि मासा दोन्ही नको, असं वेगवेगळं सांगा. इदियासाबाल चीज प्रसिद्ध आहे, पण ते कोकराच्या पोटातल्या रेनेट या द्रव्यानं विरजतात, काटेकोर शाकाहारी असाल तर नको.

येताना डबे आणणार असाल तर एगालुसेचे आणा. तेलातल्या आन्चोआचा डबा हा पूर्ण निर्जंतुक केलेला नसतो, दुकानातही तो फ्रिजमध्येच असतो. वीस-बावीस तास बॅगेत आणि मग मे महिन्यातल्या पुण्यात घरी पोचेपर्यंत फिलेटचा लगदा झालेला असतो. मोह आवरला नाही तर निघायच्या दिवशी घ्या, बर्फाच्या पिशवीत गुंडाळून चेक-इन सामानात टाका, आणि पोचल्यावर आधी तो फ्रिजमध्ये, मग बाकीची बॅग.